ससा, रानडुक्कर आणि नळीवरचा आकडा : माळव्यातल्या घरगुती बंदुका कशा वाचाव्यात

उज्जैन, देवास, धार, इंदूर या पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांतून मोडी कागद निघतात, तशा अधूनमधून बंदुकाही निघतात. कधी प्रत्यक्ष बंदूक, कधी नुसती परवान्याची वही, कधी भिंतीवरच्या दोन खुंट्या आणि त्यांच्यावर काय टांगलेलं असायचं याची आठवण. कागदांची किंमत आता लोकांना कळू लागली आहे. बंदुकीबद्दल मात्र बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येतं : "पणजोबांनी हिनं वाघ मारला होता."

मारलाही असेल. पण नळीवर एक आकडा ठोकलेला असतो आणि तो आकडा पुष्कळदा वेगळंच सांगतो. तो सांगतो की ही बंदूक शेताची होती. ज्वारी, हरभरा, गहू, अफू यांच्यावर पडणाऱ्या जनावरांसाठी आणि पाखरांसाठी ती घेतली होती, आणि फार तर रविवारी एखादा ससा किंवा तितर यासाठी. या टिपणात तीन गोष्टी बघायच्या आहेत. हा आकडा म्हणजे काय, लहान शिकारीसाठी आणि पिकाच्या राखणीसाठी कोणता आकडा निवडला जायचा, आणि ती निवड नेमकं कोण करायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा अनपेक्षित आहे.

वाघाची गोष्ट इतकी पसरली त्यालाही कारण आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरजवळ लष्करला नेली, आणि उज्जैन हे ग्वाल्हेर संस्थानाचं माळव्यातलं मोठं शहर म्हणून राहिलं. पुढे माधवराव महाराज शिंदे वाघाच्या शिकारीसाठी इतके प्रसिद्ध झाले की त्यांनी त्या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. शिकार म्हणजे वाघ, हे समीकरण सरदारांच्या घरांतून खाली इनामदार, कमाविसदार, पाटील यांच्या घरांपर्यंत झिरपलं. पण महाराजांची ती जंगलं शिवपुरीकडची. उज्जैनचा आसमंत म्हणजे काळी, सपाट, शेकडो वर्षं नांगराखाली असलेली जमीन. इथल्या घरमालकाला वाघापेक्षा रानडुकराची चिंता जास्त.

बोअर आणि कॅलिबर

मी पेशानं इंजिनिअर, त्यामुळे मापापासूनच सुरुवात करतो. जुन्या बंदुकांवर दोन प्रकारचे आकडे सापडतात आणि ते दोन वेगळ्या पद्धतींतले आहेत.

पहिली पद्धत बोअरची. एक पौंड शुद्ध शिसं घ्या. त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याला बारानं भागलं की ३७.८ ग्रॅम, आपल्या हिशेबात जवळजवळ सव्वातीन तोळे. शिशाची घनता ११.३४ धरून एवढ्या वजनाच्या गोळ्याचा व्यास काढा, १८.५ मिलिमीटर येतो. बारा बोअरची नळी बरोबर तेवढीच असते. ज्यांना शाळेतलं गणित अजून आठवतं त्यांनी करून बघावं, मजा येते.

यावरून उघड आहे की आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर म्हणजे १६.८ मिलिमीटर, वीस बोअर म्हणजे १५.६, अठ्ठावीस बोअर म्हणजे १४. पुष्कळांना वाटतं सोळा बोअर ही बारापेक्षा मोठी बंदूक. ती लहान आहे.

दुसरी पद्धत कॅलिबरची. ही सरळ इंचातली. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच, सुमारे साडेपाच मिलिमीटर. पॉइंट थ्री-वन-फाइव्ह म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिलिमीटर. इथे आकडा वाढला की नळी रुंद होते.

साधारण नियम असा : बोअरमध्ये मोजलेली बंदूक आतून गुळगुळीत असते आणि छर्रे उडवते. इंचात मोजलेली ती रायफल, तिच्या नळीत पिळाचे आटे असतात आणि त्यातून एकच गोळी गरगर फिरत जाते. अपवाद ०.४१० चा. ती छर्ऱ्याची बारीक बंदूक, पण माप इंचातलं. आणि आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो, कारण बोलताना आपण रायफललाही "बावीस बोअर" म्हणतो. परवान्याच्या वह्यांतसुद्धा तसंच लिहिलेलं असतं. शब्दशः घेतलं तर बावीस बोअरची नळी पंधरा मिलिमीटरची होईल! तेव्हा वहीत "बावीस बोअर रायफल" दिसलं तर ती पॉइंट टू-टू समजावी.

विलायतेतली "रूक अँड रॅबिट" रायफल

लहान प्राण्यासाठी लहान रायफल ही कल्पना मूळ इंग्लंडची. तिथे रूक नावाचा कावळ्याच्या जातीचा पक्षी शेताचा उपद्रवी समजला जायचा. वसंतात त्याची पिल्लं घरट्यातून फांदीवर येऊन बसली की ती टिपायची, ही तिथल्या जमीनदारांची करमणूकही होती आणि पिकाची राखणही. रॅबिट हा तर शेतकऱ्याचा कायमचा वैरी. या दोघांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी हलक्या, नाजूक, कमी दारूच्या एकनळी रायफली बनवल्या. हॉलंड अँड हॉलंडची ०.२९५, जी पुढे ०.३०० नावानं चालली, ही त्यातली सर्वांत परिचित. गोळी सुमारे पाच ग्रॅमची, वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास. शंभर यार्डांच्या आतलं काम.

मग १८८७ च्या सुमारास अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं ०.२२ लाँग रायफल हे काडतूस आणलं. त्याची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. पेटवायचा मसाला काडतुसाच्या काठात भरलेला, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. बनवायला इतकं स्वस्त आणि नेमाला इतकं चांगलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत या काडतुसानं रूक रायफलींचा धंदा बसवला. इंग्लंडमध्ये कितीतरी सुंदर रूक रायफली नंतर आतून कोरून ०.४१० च्या छर्रा बंदुका केल्या गेल्या. १९३० मध्ये आलेलं ०.२२ हॉर्नेट हे त्याच व्यासाचं पण कितीतरी जोरकस काडतूस. साध्या टू-टूची शक्ती १४० ते १९० ज्यूल, तर हॉर्नेटची हजाराच्या जवळ. आकडा एकच असला तरी ताकद पाचपट, आणि एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. नुसता व्यास वाचून बंदुकीचा अंदाज बांधू नये, तो यासाठी.

या विलायती वस्तू हिंदुस्थानात येत होत्या. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची मुंबईत शाखा होती, कलकत्त्यात मँटन, रॉडा अशा बंदूकवाल्या पेढ्या होत्या, आणि त्यांचे सचित्र कॅटलॉग संस्थानांच्या कोठ्यांपर्यंत पोचत. पण त्या कॅटलॉगातला "रॅबिट" इथे नव्हताच. रॅबिट बिळात राहतो, वसाहत करून राहतो. आपला ससा हा हेअर जातीचा. तो बीळ खणत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून एकटा दबा धरून बसतो, आणि पायाजवळ येईपर्यंत हलत नाही. मग उठतो तो एकदम सुसाट, वाकडातिकडा.

इथे निवड आपोआप बदलते. बिळाच्या तोंडाशी निवांत बसलेल्या रॅबिटवर नेम धरायला रायफल ठीक. पळत्या सशावर एका गोळीची रायफल कुचकामी. तिथे छर्रे हवेत. सहा नंबरच्या इंग्रजी छर्ऱ्यांचे एका औंसात २७० दाणे असतात. बारा बोअरच्या साध्या काडतुसात एक औंसापेक्षा थोडे जास्तच भरतात. म्हणजे एका बारात पावणेतीनशेच्या वर दाणे, आणि तीस-पस्तीस यार्डांवर त्यांचं एक ताट पसरतं.

शिवाय खरं सांगायचं तर सशाला बंदूक लागतच नव्हती. पारधी मंडळी जाळी, फासे आणि कुत्रे यांच्यावर ससे धरत. ज्यांना या प्रदेशातल्या जनावरांची चाल सर्वांत चांगली ठाऊक होती त्यांच्या हाती बंदुकीचा परवाना कधी नव्हता, आणि इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्यानं अशा कितीतरी जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. घरातल्या बंदुकीचा इतिहास लिहिताना हीदेखील बाजू डोळ्यांसमोर असावी.

सपाट जमीन आणि चुकलेली गोळी

आता माळव्याच्या जमिनीकडे या. बंदूक निवडताना जाणता माणूस पहिला प्रश्न विचारतो : गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल?

पॉइंट टू-टूला आपण खेळणं समजतो. पण तिची गोळी योग्य कोनात सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाते. उज्जैनच्या आसपास कुठल्याही शेताच्या बांधावर उभे राहा आणि दीड किलोमीटरच्या वर्तुळात काय काय येतं ते मोजा. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया, गुरं राखणारी पोरं, पुढचं गाव, गाडीवाट. डोंगर नाही, टेकाड नाही, गोळी अडवायला काही नाही. शिवाय उन्हाळ्यात तडकलेली काळी जमीन दगडासारखी टणक होते, मधूनमधून बसाल्टचा खडक वर आलेला असतो. शिशाची हलकी गोळी अशा जमिनीवर तिरकी पडली की उसळते आणि भलत्याच दिशेला जाते. पाण्यावरूनही उसळते.

छर्ऱ्याचं गणित उलटं आहे. दाणा गोल आणि अतिशय हलका, सहा नंबरचा तर एक दशांश ग्रॅमचा. हवा त्याला भराभर थांबवते. छर्ऱ्याचा इंचातला व्यास घेऊन त्याला २२०० नं गुणलं की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळतं, असा एक जुना ठोकताळा आहे. सहा नंबरचा दाणा ०.१०२ इंचाचा. गुणाकार करा : सव्वादोनशे यार्ड, म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास. त्यापलीकडे तो नुसता मातीत पडतो.

दाट वस्तीच्या सपाट मुलखात गुळगुळीत नळीची बंदूक शहाणपणाची का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे : दीड किलोमीटर आणि दोनशे मीटर. मोठ्या रायफलचं तर बोलायलाच नको. ०.३१५ ची शक्ती तीन हजार ज्यूलच्या घरात. ती रायफल सशावर चालवली तर सशाचं काही उरणार नाही, आणि चुकली तर पुढच्या गावाचं काय?

जनावर केवढं?

दुसरा प्रश्न जनावराच्या आकाराचा. आपला ससा दोन-अडीच किलोचा. सहा किंवा पाच नंबरचे छर्रे त्याला पुरतात. साळिंदर, कोल्हा यांना चार नंबर किंवा बीबी. रानडुकरासाठी मात्र दाणेच मोठे हवेत. इंग्रजी मापात एलजीचे औंसाला सहा दाणे, एसजीचे आठ. म्हणून जुन्या काडतुसांच्या पेट्यांत एकाच बंदुकीची तीन-तीन प्रकारची काडतुसं सापडतात : पाखरांसाठी, सशासाठी, डुकरासाठी. नळी तीच, काडतूस बदललं की काम बदललं. बारा बोअर इतकी लोकप्रिय होण्याचं हे मोठं कारण. कास्तकाराला तीन बंदुका परवडत नव्हत्या.

रोजडा, म्हणजे नीलगाय, ज्याला विदर्भात रोही म्हणतात, त्याचं वजन पूर्ण वाढीत दोनशे किलोच्या वर जातं. त्याच्यावर टू-टू किंवा बारीक छर्रा चालवणं म्हणजे जनावर जखमी करून सोडणं. ते दोन-चार दिवस हालहाल होऊन कुठेतरी झुडपात मरतं. लहान आकडा म्हणजे कमी क्रौर्य, असा हिशेब नसतो. जनावराच्या मानानं कमी पडणारी बंदूक सर्वांत क्रूर. जुने जाणते शिकारी या बाबतीत कडक असत.

काडतूस कुठून आणायचं?

तिसरा प्रश्न पुरवठ्याचा, आणि इतिहासवाले नेमके हाच विसरतात. रायफलचं काडतूस कारखान्यातूनच यायला हवं. रिमफायर टू-टूचं काडतूस एकदा उडालं की संपलं, ते पुन्हा भरता येत नाही. हॉलंडच्या ०.३०० चं काडतूस मिळेनासं झालं की ती रायफल भिंतीवरची शोभा. बारा बोअरचं काडतूस मात्र पितळी असलं तर घरी पुन्हा भरता यायचं, आणि दुकानांतही तेच सर्वांत आधी मिळायचं. पुढे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली "शक्तिमान" काडतुसं देशभर चालली.

आणि या सगळ्यांच्या खाली ठासणीची बंदूक, जिला इथे भरमार म्हणतात. तिला काडतूसच नको. तोंडातून दारू, मग डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, गजानं ठासायचं, मागे टोपी चढवायची. एकदा भरायला वेळ लागतो, पावसात दारू सर्दावते. पण गावात बसून चालवता येते, आणि रात्री मचाणावरून डुकरांचा कळप हुसकायला नुसता बारही पुरतो. माळव्यातल्या पिकाच्या राखणीचं मुख्य हत्यार हेच.

निवड कायद्यानं केली

इथपर्यंत वाटेल की निवड शेतकरी करत होता. तीही अर्धीच. उरलेली निवड सरकारनं केली.

१८५७ नंतर इंग्रजांना प्रजेच्या हातातल्या हत्यारांची धास्ती होती. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता, संस्थानांचे नियम त्यांचे त्यांचे. पण काडतूस बाहेरूनच येत असल्यामुळे इंग्रजी धोरणाचा पगडा सगळीकडे होता. फौजेची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून फौजी मापाच्या रायफली खाजगी माणसाला बंद झाल्या. ०.३०३ तर सर्वसामान्यांना मिळतच नव्हती. १९०७ च्या सुमारास ०.४५० वरही हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा व्यास तोच. त्यावर विलायती कारागिरांनी ०.४७०, ०.४६५ अशी नवी मापं काढली. ०.३०३ च्या जागी ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसावरची आठ मिलिमीटरची ०.३१५ आली. स्वातंत्र्यानंतर आपल्या आयुध कारखान्यांनी तीच पुढे चालवली, आणि आज ग्वाल्हेर-चंबळकडे खांद्याखांद्यावर दिसणारी रायफल ती हीच. म्हणजे एका वसाहती बंदीतून जन्मलेलं माप आपण अजून वापरतो.

ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. त्याचं तेरावं कलम आमच्या विषयासाठी फार महत्त्वाचं आहे. त्यात तीन गोष्टी जवळजवळ हक्कानं मिळण्यासारख्या सांगितल्या आहेत. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी वीस इंचांपेक्षा कमी नको. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा हवेची रायफल. ठासणीची बंदूक राखणीला पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, अशी पुस्तीही आहे.

नीट बघा. विलायतेत टू-टू ही सशाची रायफल. आपल्या कायद्यानं ती क्लबात नेऊन ठेवली आणि शेतकऱ्याच्या हाती भरमार दिली. कुठल्या जनावराला कोणता आकडा, हे माळव्यात बॅलिस्टिक्सच्या पुस्तकावरून फारसं ठरलं नाही. ते जमिनीनं, पैशानं, काडतुसाच्या पुरवठ्यानं आणि शेवटी परवान्याच्या फॉर्मनं ठरवलं. घरातल्या बंदुकीवरचा आकडा वाचताना त्या घराची ऐपत आणि सरकारदरबारी असलेला दर्जा, दोन्ही कळतात ते यामुळे. सरदाराकडे ०.३७५, इनामदाराकडे दुनळी बारा बोअर, पाटलाकडे एकनळी आणि रखवालदाराकडे भरमार, अशी ढोबळ उतरंड मांडायला हरकत नाही.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातल्या मूळ परिशिष्टांचे मथळे बघण्यासारखे आहेत : मोठी शिकार, लहान शिकार, आणि उपद्रवी प्राणी. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं ही उपद्रवींत. ससा मात्र लहान शिकारीत. म्हणजे कायद्याच्या लेखी ससा कधी उपद्रवी नव्हताच. सुरुवातीला परवाना काढून त्याची शिकार करता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे ते परवाने संपले. २०२२ च्या दुरुस्तीनं उपद्रवी प्राण्यांचं परिशिष्टच गेलं, आता केंद्र सरकारनं विशिष्ट भागासाठी, विशिष्ट मुदतीसाठी जाहीर केलं तरच एखादा प्राणी उपद्रवी ठरतो. तेव्हा स्पष्टच लिहितो : आज सशावर, रोजड्यावर किंवा डुकरावर परवानगीशिवाय बंदूक चालवणं हा गुन्हा आहे. या टिपणातले आकडे जुन्या वस्तू समजून घेण्यासाठी आहेत.

घरात बंदूक निघाली तर

आता कामाच्या गोष्टी. त्यातली पहिली जिवाशी संबंधित आहे.

ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकं जिवंत राहते. बाहेरून बघून काही कळत नाही. घोडा ओढून बघू नका, टोपी चढवू नका, नळीत सळई खुपसू नका, पोरांच्या हाती देऊन फोटो काढू नका. परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या, मगच पुढचं.

दुसरं, घासून लख्ख करू नका. ब्रासो आणि पॉलिश पेपर यांनी जितका इतिहास पुसला आहे तितका वाळवीनंही खाल्ला नसेल. नळीच्या बुडाशी, बहुतेक वेळा खालच्या अंगाला, बारीक ठसे असतात. शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि इंग्रजी सी असेल तर ती इंग्लंडमध्ये तपासलेली बारा बोअर. "नॉट फॉर बॉल" असा ठसा असेल तर नळी १८७५ ते १८८७ मधली, तोंडाशी आवळलेली, गोळीसाठी नसून फक्त छर्ऱ्यांसाठी. "नायट्रो प्रूफ" असेल तर ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली, बहुधा विसाव्या शतकातली. लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं असतील तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस पद्धतीची, लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेली. दिसायला देखणी, पण आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपेलच असं नाही. ०.४१० हा आकडा दिसला तर विशेष जपून. पोलिसांची जुनी ०.४१० मस्कट ही छर्ऱ्याच्या ०.४१० पेक्षा वेगळी आहे आणि प्रतिबंधित मापांत मोडते.

तिसरं, कायदा. "जुनी आहे, चालत नाही, परवाना कशाला?" हा समज फार पसरलेला आहे. सूट आहे ती कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. चालू शकणारी भरमार शंभर वर्षांची असली तरी हत्यारच. परवानाधारक वारला तर वारसांनी आपल्या नावे परवाना मागायचा, नाहीतर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत पुष्कळ जुन्या बंदुका घराबाहेर पडल्या आहेत.

आमच्या दृष्टीनं खरी हानी इथे होते. बंदूक जमा होते, कालांतरानं नष्ट केली जाते, आणि तिच्याबरोबर त्या घराची एक नोंद जाते. जमा करणं चूक नाही, पुष्कळदा तेच योग्य. पण त्याआधी ठशांचे फोटो घ्या. नळीची लांबी, व्यास, बनवणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. परवान्याची जुनी वही फेकू नका. तिच्यात हत्याराचं वर्णन, काडतुसांचा कोटा आणि बंदूक बाळगण्याची हद्द लिहिलेली असते. कोट्यात नुसते छर्रे असतील तर वाघाची कथा जरा सबुरीनं सांगावी!

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. सोयाबीन आणि हरभऱ्यात रोजडे आणि काळविटं आजही घुसतात, आणि रात्री जागणारा माणूस आजही जागतोच. शेजारच्या शाजापूर जिल्ह्यात २०२५ मध्ये वन खात्यानं हेलिकॉप्टरनं हाकारा करून, आफ्रिकेतल्या बोमा पद्धतीनं नसराळ्याच्या आकाराच्या कुंपणात शेकडो जनावरं घेतली आणि अभयारण्यांत नेऊन सोडली. एकही बार न काढता. दीडशे वर्षं जो प्रश्न बोअर आणि कॅलिबरमध्ये मोजला गेला, तो सोडवण्याचा हा पहिलाच वेगळ्या जातीचा प्रयत्न आपल्या भागात झाला. तो कितपत टिकतो ते पुढच्या काही हंगामांत दिसेल.

वाचकांपैकी कुणाकडे परवान्याची जुनी वही, काडतुसांचं बिल किंवा ठशांचे फोटो असतील तर मंडळाला जरूर कळवावं. परवाना क्रमांक आणि पत्ता झाकूनच पाठवावा. तहसीलवार नोंदी जमल्या तर ती उतरंड अंदाजावर न सोडता कागदावर तपासता येईल.